टाचेवर चालवणारा बूट: तीन महिने, चार कॉलेजं आणि अर्धा पावसाळा वापरून लिहितेय

ज्यांना शुगर आहे आणि तळव्याला जखम झालीय त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय, पण बाकीच्यांनी पण वाचा, कारण प्रत्येकाच्या घरात कोणीतरी असतंच. २०२३ मध्ये आयसीएमआरचा तो मोठा अभ्यास आला त्यात डायबेटिसचं प्रमाण अख्ख्या देशात आमच्या गोव्यात सगळ्यात जास्त निघालं, २६.४ टक्के, म्हणजे चार मोठ्या माणसांमागे एक. मी त्या चारातली एक. वय ४६, डिचोलीला राहते, नऊ वर्षं गोळ्या चालू आहेत.

आधी जखम कशी झाली ते सांगते, म्हणजे बुटाचं महत्त्व कळेल. चैत्रात गावच्या देवळात वर्धापनदिन होता, दुपारची आरती, बाहेरची फरशी तव्यासारखी तापलेली, बाकीच्या बायका पाय भाजतात म्हणून सावली धरून पळत होत्या आणि मी सावकाश पाच प्रदक्षिणा घालून आले. मला चटका लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला उठले तर बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत लादीवर ओले डाग, एकाच पायाचे, प्रत्येक पावलाला एक. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या खाली जो गादीसारखा भाग असतो तिथं मोठा फोड येऊन फुटला होता आणि मी त्याच्यावर चालत होते. दुखत काहीच नव्हतं, आणि हेच वाईट हे मला खूप उशिरा कळलं.

डिचोलीच्या आरोग्य केंद्रात एक दिवसाआड ड्रेसिंग सुरू झालं. सिस्टर अगदी मनापासून करायच्या, सलाईनने धुवायच्या, घरी बेटाडीन आणि पेरॉक्साइड ओतत बसू नका म्हणून बजावलं (मी दोन दिवस ओतलं होतं, त्याने जंतूंबरोबर नवीन येणारं मांस पण जळतं म्हणे). तीन आठवडे झाले तरी जखम होती तेवढीच. मग बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी नायलॉनच्या दोऱ्यासारखी एक बारीक काडी तळव्याला टेकवून डोळे मिटून सांगायला लावलं, कळलं की हो म्हणा. मी वाट बघत बसले, मला वाटलं अजून सुरूच केलं नाही, आणि डोळे उघडले तर लेकीच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी दहा ठिकाणी टेकवलं होतं, मला दोन ठिकाणी कळलं. मग छोट्या मशीनने पायाची नाडी ऐकवली, खस्स खस्स असा आवाज येतो, म्हणाले रक्तपुरवठा चांगला आहे, म्हणजे जखम भरायला पाहिजे. पुढचं वाक्य मी आजपर्यंत विसरले नाही. म्हणाले, औषध बरोबर आहे, ड्रेसिंग बरोबर आहे, पण तुम्ही रोज त्या जखमेवर उभ्या राहता, ती भरेल कशी?

तर त्यासाठी हा बूट. दुकानात फोरफुट ऑफलोडर म्हणतात, काही जण वेज शू म्हणतात. दिसायला साधा उघड्या बोटांचा सँडल, वर कापडी पट्टे आणि वेलक्रो, पण तळ असा असतो की टाचेखाली जाड आणि मधेच संपतो, बोटांखाली जमीनच लागत नाही, पाऊल पुढून वर उचललेलं राहतं. म्हणजे तुम्ही टाचेवर चालता आणि अंगठ्याखालची जागा अधांतरी राहते. भार काढायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे गुडघ्यापर्यंतचं ते खास प्लास्टर, डॉक्टरांनी आधी तेच सुचवलं, पण मला रोज शेजारच्या अंगणवाडीत दोन तास जावं लागतं आणि पुढचे दोन महिने लेकीच्या अ‍ॅडमिशनचे, म्हणून बूट घेऊ म्हटलं. ते म्हणाले ठीक आहे, पण प्लास्टर काढता येत नाही म्हणून काम करतं आणि बूट काढता येतो म्हणून फसतो, हे लक्षात ठेवा.

आता पहिली चूक. मी घरी येऊन ऑनलाइन मागवला. फोटोत सेम दिसत होता, नावात डायबेटिक पण लिहिलं होतं, साडेआठशे रुपये. आला तो सपाट तळाचा, ऑपरेशननंतर बँडेजवर घालतात तसला. मऊ आहे, छान आहे, पण भार जिथल्या तिथं. मी दहा दिवस तो घालून हिंडले. परत करायला गेले तर वापरलेला माल घेत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण फोटो नीट न बघणं ही माझीही चूक होती, पण तुम्ही लक्षात ठेवा, डायबेटिक चप्पल वेगळी, ऑपरेशननंतरचा बूट वेगळा आणि हा वेगळा. बाजूने फोटो बघायचा, पुढच्या भागाखाली हवा दिसली पाहिजे.

दुसरा बूट पणजीत एका सर्जिकलच्या दुकानात घेतला, अठरा जून रस्त्याच्या मागच्या गल्लीत आहे, छोटंसं. तिथल्या काकांना मी पाचपैकी पाच देते. त्यांनी पहिलं विचारलं जखम कुठं आहे, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. टाचेला जखम असती तर हा बूट विष आहे म्हणाले, सगळा भार टाचेवरच येतो ना. मग ड्रेसिंगसकट पायाचं माप घेतलं, नुसत्या पायाचं नाही, त्यामुळे माझा पाचचा पाय असून सहाचा बूट लागला. घालून दुकानात दहा मिनिटं फेऱ्या मारायला लावल्या, मग बूट काढून पट्ट्यांच्या जागी लाल झालंय का ते स्वतः वाकून बघितलं, कारण मला ते दुखून कळणारच नव्हतं. घोट्याजवळ एक लाल रेघ होती, तिथं फोम चिकटवून दिला. १,८५० रुपये घेतले. आणि डाव्या पायातली माझी चप्पल बघून म्हणाले, बाय, ही अशीच ठेवलीस तर महिन्यात कंबर धरेल, दोन्ही पायांची उंची सारखी कर. ते मी ऐकलं नाही. पंधरा दिवसांत डाव्या कुशीत असं दुखायला लागलं की कूस बदलता येईना. मग डिचोलीच्या बाजारात मोच्याकडून डाव्या चप्पलेला दीड सेंटीमीटरचा रबराचा थर लावून घेतला, १२० रुपये, आणि चार दिवसांत दुखणं गेलं. बूट घेतानाच हे करा, थांबू नका.

आता चार कॉलेजांचं. माझ्या लेकीने बारावी सायन्स केलं, निकाल चांगला लागला, आणि तिला भूगर्भशास्त्र करायचंय हे ती दहावीपासून म्हणतेय. आमच्या ह्यांना ते मुळीच पटत नव्हतं. ते खाणीवर ट्रक चालवायचे, २०१२ ला खाणी बंद झाल्या, परत थोड्या सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद, दोन्ही वेळा घरी बसायची वेळ आली, आता पाण्याचा टँकर चालवतात. त्यांच्या डोक्यात भूगर्भ म्हणजे खाण आणि खाण म्हणजे आज आहे उद्या नाही. लेक एकदा जेवताना म्हणाली, बाबा, तुम्ही रोज जे पाणी वाहता ते कुठून येतं, ते कुठं मिळेल आणि कधी संपेल हे सांगणारा माणूस पण हेच शिकतो. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी विचारत होते हे कुठल्या कॉलेजात आहे म्हणून.

गोव्यात विषय घेऊन बघायला गेलं तर दोन जुनी कॉलेजं पुढे येतात, मिरामारचं धेंपे आणि मडगावचं चौगुले, दोन्ही १९६२ ची, म्हणजे मुक्ती मिळाल्यावर पुढच्याच वर्षी सुरू झालेली. दोन्हीकडे भूगर्भशास्त्र आहे. चौगुले २०१४ पासून स्वायत्त आहे, अभ्यासक्रम ते स्वतः ठरवतात, धेंपे गोवा विद्यापीठाचा धरून चालतं. पुढे शिकायचं तर ताळगावच्या पठारावर विद्यापीठात पृथ्वी-समुद्र-हवामानाचं वेगळं स्कूल आहे, दोना पावलाला समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे, म्हणजे मुलीला गोवा सोडून जायलाच पाहिजे असं काही नाही. हे सगळं तिनेच काढून मला सांगितलं. नवीन शिक्षण धोरणाचं पण समजावलं, तीन वर्षांची डिग्री १२० क्रेडिटची, चौथं वर्ष केलं तर १६० ची ऑनर्स, मेजर एक विषय आणि मायनर दुसरा. मी जुनी बी.ए., मला मेजर-मायनर शब्दच नवीन, दोनदा विचारून घेतलं.

माझ्या मनात मात्र खांडोळ्याचं सरकारी कॉलेज होतं. आमोणे पुलावरून गेलं की जवळ, फी कमी, दुपारी घरी येईल. साखळीचं पण चाललं असतं. मी तिला म्हटलं आधी ही दोन बघून येऊ. ती लगेच हो म्हणाली. विषय कुठलाही चालेल म्हणाली. माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

तर बूट घालून प्रवास. कदंबाच्या बसची पहिली पायरी उंच असते, तिथं हा बूट सगळ्यात अवघड. फिजिओच्या मुलीने शिकवलेलं सांगते: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आणि बुटाची टाच पायरीवर पूर्ण टेकली पाहिजे, सवयीने आपण पायरीवर पुढचा भाग टेकवतो आणि ह्या बुटाला पुढचा भागच नाही, मी पहिल्याच दिवशी मागे कलंडले, कंडक्टरने धरलं. हातात काठी पाहिजेच, हा बूट काठीशिवाय घालू नका, म्हाताऱ्या माणसांना तर वॉकरशिवाय देऊच नका. पायलटच्या म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मात्र त्रास नाही झाला, फूटरेस्टवर टाच ठेवायची, पुढचा भाग तसाही हवेत. स्वतः स्कूटर चालवायची नाही, समजतच नाही पाय कुठे आहे ते.

एका कॉलेजात (कुठलं ते लिहीत नाही) ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टला कुलूप, किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. काउंटरवरच्या बाईंनी वरून सांगितलं पालकाची सही इथंच येऊन करायची. मी ४४ पायऱ्या चढले, मोजल्या, आणि उतरले. लेक खालून पूर्ण वेळ माझ्या बुटाकडे बघत होती, प्रत्येक पायरीला टाच म्हणायची, टाच, आई, टाच. त्या दिवशी रात्री ड्रेसिंगला रक्त होतं. पालक म्हणजे फक्त धडधाकट माणूस असं धरून चालू नका एवढंच कॉलेजवाल्यांना सांगणं आहे, एखादा फॉर्म खाली आणून दिला तर काही बिघडत नाही.

मिरामारला गेलो तो दिवस चांगला होता. मी आत फार हिंडलेच नाही, लेक एकटी विभागात जाऊन बोलून आली, मी समुद्राकडच्या बाजूला सुरूच्या सावलीत बाकावर पाय वर ठेवून बसले. वाळूत हा बूट अजिबात घालू नका, टाच रुतते आणि पुढचा भाग टेकतो, म्हणजे बूट असून नसल्यासारखा, शिवाय वाळू ड्रेसिंगमध्ये जाते. दीड तासाने ती आली ती हातात एक दगड घेऊन, आमच्याच बाजूचा लोहखनिजाचा, तिथल्या एका सीनियर मुलाने दिला म्हणे, आणि मला त्यातल्या लाल-काळ्या रेघा दाखवत बसली, आई बघ हा पट्टा कसा एकावर एक बसलाय, असल्या खडकांचं वय अडीच अब्ज वर्षांच्या आसपास असतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आणि बसमध्ये बसल्यावर तीच मुलगी म्हणते, पण खांडोळाच बरं आई, मला दुपारी यायला पाहिजे ना, तुझं ड्रेसिंग कोण करणार.

तेव्हा मला कळलं की ती कॉलेज माझ्या पायाच्या हिशोबाने निवडत होती. आणि खरं सांगायचं तर मी पण तेच करत होते, जवळ, फी कमी हे सगळं बोलायचं, आत हेच होतं की ती जवळ असावी. १७ वर्षांच्या पोरीने चार वर्षं कुठं शिकायचं हे माझ्या तळव्याच्या दोन सेंटीमीटरवर ठरत होतं. म्हापशाच्या फाट्यापर्यंत मी काही बोलले नाही. मग तिला म्हटलं, मला स्वतःचं ड्रेसिंग करायला शिकव.

शिकले. खाली आरसा ठेवायचा, पाय मांडीवर, सलाईन, गॉझ, हात दोनदा साबणाने धुवून. पहिल्यांदा अर्धा तास लागला, आता दहा मिनिटं लागतात. तिच्याकडे एकच काम ठेवलं, ते तिने स्वतःच सुरू केलेलं. दर रविवारी ड्रेसिंगच्या पाकिटाचं निर्जंतुक पारदर्शक प्लास्टिक जखमेवर हलकं धरून मार्करने कड रेखायची, आणि मग ती रेघ तिच्या फिजिक्स प्रॅक्टिकलच्या आलेखाच्या कागदावर उतरवून आतले एक-एक मिलिमीटरचे चौकोन मोजायचे. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, चार आठवड्यांत जखम साधारण निम्मी झाली तर बरी होईल असं धरा, नाही झाली तर काहीतरी चुकतंय, परत या. पहिल्या रविवारी ३०८ चौकोन. दुसऱ्या रविवारी २७१. तिसऱ्या रविवारी २६९.

इथं बुटाची खरी गोष्ट येते, आणि ज्यांना एवढं लांब वाचायचं नाही त्यांनी हा भाग तरी वाचा. बाहेर मी बूट एकदा पण काढला नव्हता. मग चौकोन का थांबले? लेकीने शाळेच्या तपासनीसासारखं दिवसभर माझ्यामागे वही घेऊन फिरून लिहून काढलं. सकाळी उठल्यावर मोरीपर्यंत, अनवाणी. देवघर, अनवाणी. स्वयंपाकघर, ओट्यापाशी दोन तास उभी, अनवाणी. तुळशीला पाणी, अनवाणी. मागच्या दारी पोदेराकडून पाव घ्यायला, अनवाणी. बाहेर जाऊन आल्यावर बूट दाराशी चपलांच्या शेजारी. आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत, स्वयंपाकघरात आणि देवापाशी तर नाहीच, माझ्या मनात पण कधी आलं नाही की हे चालणं आहे. पण बाईमाणसाचं सगळं चालणं घरातच असतं. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले तुम्ही एकट्या नाही, बाहेरच्या देशात एका अभ्यासात पेशंटच्या पायाला आणि बुटाला वेगवेगळी यंत्रं लावून मोजलं, तर दिवसभराच्या चालण्यातलं फक्त २८ टक्के चालणं बूट घालून होतं.

घरात सासूबाई, वय ८१, सोवळ्याओवळ्याचं सगळं सांभाळणाऱ्या. त्यांना विचारायची माझी हिंमत होत नव्हती. लेकीने विचारलं. आजीने बूट मागून घेतला, हातात धरून खालून वरून बघितला, पुढचा भाग दाबून बघितला, आणि म्हणाल्या, ही वहाण नव्हे गो, हे औषध, औषधाला विटाळ कसला. मग स्वतःच जुन्या लुगड्याचं फडकं फाडून तळाला बांधून दिलं, घरात येताना बांधायचं, बाहेर जाताना सोडायचं. प्रेमाने केलं, पण तसं करू नका, कापड लादीवर घसरतं, मी मोरीपाशी पडता पडता वाचले. मग दाराशी एक पाट ठेवला, त्यावर बसायचं आणि ओल्या फडक्याने तळ पुसून आत यायचं. बऱ्याचदा सासूबाईच पुसायच्या. मी नको म्हणायचे, त्या ऐकायच्या नाहीत.

रात्री बूट पलंगाच्या खाली नाही, पलंगावर उशापाशी, म्हणजे बाथरूमला उठलं की हाताला आधी तोच लागतो. पुढच्या रविवारी २०४. त्याच्या पुढच्या, १४१. निम्म्याच्या खाली आलो. लेकीने १४१ च्या भोवती लाल पेनाने गोल काढला, ह्यांना दाखवला, ह्यांनी तो कागद फ्रिजवर लावला.

बाकी बुटाच्या तक्रारी लिहिते. पाऊस सुरू झाला की हा बूट त्रास देतो. वरचं कापड भिजतं, आतून दोन दिवस वाळत नाही, आणि ओलं ड्रेसिंग म्हणजे जखमेच्या कडा पांढऱ्या फटफटीत होऊन सुटतात, वाळलेल्या जखमेपेक्षा ते वाईट. आपल्याकडची लाल माती वेलक्रोत बसली की पट्टा धरत नाही. मी जुन्या टूथब्रशने घासायचे, आणि केस-दोरे सुईने काढायचे, दर तीन-चार दिवसांनी. पावसात बाहेर पडताना बुटाच्या वरून प्लास्टिकची पिशवी बांधतात काही जण, तळाला प्लास्टिक आलं की घसरायला होतं, त्यापेक्षा त्या दिवशी जाऊच नका, नाहीतर पिशवी आतून ड्रेसिंगवर आणि बूट वरून. परवडत असेल तर दोन बूट घ्या, एक घरचा एक बाहेरचा, सासूबाईंचा पाट पण वाचेल. नवव्या आठवड्यात टाचेची बाहेरची कड झिजून बूट एका बाजूला कलायला लागला, काकांनी तळ बदलून दिला, २०० रुपये, दुसरं दुकान असतं तर नवीन घे म्हणाले असते. उन्हाळ्यात पाय घामाने भिजतो. दिसायला चांगला नाही, लग्नाकार्यात लोक विचारत राहतात, त्याला इलाज नाही.

आणि एक महत्त्वाचं. जखमेभोवती लाली पसरली, वास आला, ताप आला, किंवा शुगर कारण नसताना वाढली तर बूट-बीट सोडून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. दुखत नाही म्हणून बरं आहे असं समजू नका, माझ्यासारख्या पायाला दुखणं कळतच नाही. पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय हा बूट स्वतःच्या मनाने घेऊ नका.

गणेश चवथीच्या आठ दिवस आधी जखम पूर्ण मिटली, तेरावा आठवडा. आलेखाच्या कागदावर लेकीने तारीख लिहून रिकामा सोडलाय. पण मिटली म्हणजे संपलं नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अशी जखम भरलेल्यांपैकी १०० तल्या जवळपास ४० जणांना वर्षाच्या आत परत होते. म्हणून आता एमसीआरची सँडल, मायक्रोसेल्युलर रबर, जे आधी कुष्ठरोगाच्या पेशंटसाठी वापरात आलं, मऊ असतं पण दबून सपाट होत नाही. मागे पट्टा असलेली घ्या, अंगठ्यात अडकवायची नको. ती पण त्याच काकांकडून, ती पण घरात घालते, आणि यंदा माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) बांधताना स्टुलावर चढले नाही, खाली बसून नारळ-सुपाऱ्यांना दोऱ्या बांधून दिल्या. आणि देवळात आता सकाळी सातला जाते, कापडी मोजे घालून.

लेकीने धेंपे घेतलं. भूगर्भशास्त्र मेजर. सकाळी डिचोलीहून पणजीची बस, तिथून दुसरी मिरामारची, संध्याकाळी पाचच्या पुढे घरी. चौगुले पण तिला आवडलं होतं, पण रोज मडगाव म्हणजे जाऊन-येऊन चार तास आणि हॉस्टेलला ह्यांचं मन झालं नाही. पहिल्या आठवड्यात तिने बसमधून तीनदा फोन केला, ड्रेसिंग केलंस का. दुसऱ्या आठवड्यात एकदा. आता फोन येतो तो एखाद्या दगडाचं नाव सांगायला.

बुटाला पाचपैकी चार, एक पावसासाठी कापला. काकांना पाचपैकी पाच. दुकान दुपारी एक ते साडेतीन बंद असतं, शनिवारी अर्धा दिवस. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी न्या, ड्रेसिंग करूनच जा नाहीतर माप चुकेल, आणि दुसऱ्या पायातली रोजची चप्पल घालून जा, ती बघितल्याशिवाय काका बूट देत नाहीत.